सोबतीचं माणूस

९ जानेवारी

धाकटे,

पत्र फाडायचंच असेल तर आधी वाच आणि मग फाड. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, म्हणून हा उद्योग. पत्ता तुझ्या लेकीकडून काढला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिला बोलण्यात गुंडाळलं.

आधी कामाचं सांगते. माझा डावा खुबा बदलणार आहेत. दोन वर्षं मी गुडघ्याला मलम चोळत बसले आणि दुखणं निघालं खुब्याचं. सर्जन हसले. म्हणाले, बिघडतो खुबा आणि ओरडतो गुडघा, कितीतरी लोक असंच भलतीकडे मलम चोळत बसतात. मी विचारलं, पुन्हा बॅडमिंटन खेळता येईल का? आपल्या वयाची माणसं या ऑपरेशननंतर चालतात, जिने चढतात, हे त्यांना ठाऊक आहे. ती पुन्हा खेळतात का, आणि खेळली तर नव्या सांध्याचं काय होतं, हे नीटसं कोणाला ठाऊक नाही. म्हणून त्यांच्याकडे एक अभ्यास चाललाय. आयुष्यभर काही ना काही खेळलेले म्हातारे पेशंट घ्यायचे. खुबा बदलला की निम्म्यांना वजनं उचलायचे व्यायाम द्यायचे, निम्म्यांना नेहमीसारखं नुसतं चालायला सांगायचं आणि वर्षभर बघत राहायचं. मी लगेच हात वर केला. शाळेत पोरांना हात वर करायला लावण्यात जन्म गेला, आता माझी पाळी.

अडचण एकच आली. अभ्यासात यायचं तर घरात सोबतीचं माणूस लागतं. सुरुवातीचे आठवडे ते रात्रंदिवस जवळ हवं. शिवाय त्या माणसाला दर आठवड्याला वेगळा फोन करून विचारतात, पेशंट कसा आहे म्हणून. कारण पेशंट स्वतःबद्दल धड खरं सांगत नाहीत, आणि त्यातून खेळाडू असतील तर विचारायलाच नको. मी तुझं नाव दिलं. राहायला येतील ना, असं विचारलं तर म्हटलं, येईल की, न येऊन जाते कुठे.

तू येऊ नकोस. मला कोणाची गरज नाही, हे तुला माहीत आहेच. फोन आला तर हो हो म्हण आणि ठेवून दे, एवढंच.

आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगते, ती शटल तुझी होती. मी आजही तेच म्हणते. साठीच्या पुढच्यांची फायनल, शेवटचा गुण, शटल दोघींच्या मधोमध पण तुझ्या बाजूला झुकलेली, आणि तू जागची हललीसुद्धा नाहीस. मी कोर्टच्या त्या टोकाकडून धावत आले, नेटमध्ये मारली, हरलो. मग मी बोलले ते बोलले. पुतळा होऊन काय उभी राहिलीस, एवढंच म्हटलं. आता पीटीच्या बाईंचा आवाज, हॉलभर गेला त्याला मी काय करू? तू एक अक्षर न बोलता बॅग उचललीस आणि कोर्टच्या बुटांनिशी रस्त्यावर चालती झालीस. कोर्टच्या बुटांनिशी! पोरवयापासून आपण हॉलच्या दारात बसून बूट बदलत आलो. त्या तळव्यांना रस्त्याची धूळ कधी लागू दिली नाही. तू बोलली नाहीस ते मी विसरेन एक वेळ, पण ते बूट नाही विसरायची. इतका राग मी जन्मात पाहिला नव्हता.

महिन्याभरात घर बदलून लेकीच्या गावी गेलीस. लेक नोकरीपायी तिथून हलली तरी तू परत आली नाहीस. तू तिकडे एकटी, मी इकडे एकटी, आणि मध्ये एक शटल.

ऑपरेशन सोमवारी आहे.

थोरली

२८ जानेवारी

धाकटे,

मेले नाही. कळवायला हवं म्हणून कळवते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला उभं केलं. वॉकर धरून खिडकीपर्यंत नेलं. मी म्हटलं, कोच मी होते आयुष्यभर, मला दमात घेऊ नका. तर ती व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, मग आता खेळाडूसारखं ऐकून घ्या. चोख बोलते. मला आवडली, पण तिला मी तसं दाखवलं नाही.

अभ्यासात कोणी कुठल्या गटात जायचं ते कम्प्युटर ठरवतो, आपलं काही चालत नाही. मी निघाले 'नुसतं चाला' गटात. वजनं नाहीत, काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला राखीव खेळाडूंत बसवलं. मी भांडून पाहिलं. अभ्यास बघणारी एक तरुण डॉक्टर आहे, तिनं सांगितलं की दोन्ही गट सारखेच महत्त्वाचे, तुम्ही नसाल तर दुसऱ्या गटाला फायदा झाला की नाही हे कळणार कसं. तिचं नाव मी प्रश्नावली ठेवलंय. प्रश्नांशिवाय दुसरं काही बोलतच नाही. बेसिनसमोर किती वेळ उभ्या राहता? खुर्चीतून हात न टेकता उठता का? रात्री कुशीवर वळताना दुखतं का? इतकी विचारपूस माझी लग्नाच्या वयातही कोणी केली नव्हती.

घरी सोडताना सिस्टरनं विचारलं, न्यायला कोण आलंय. मी सांगितलं, बहीण घरी अंथरूण तयार करतेय. टॅक्सीवाल्यानं बॅग तिसऱ्या मजल्यापर्यंत आणून दिली, भला माणूस. दार मीच उघडलं. अंथरूण अर्थातच जसं सोडलं होतं तसंच होतं.

आता नियम ऐक. काटकोनाच्या पुढे वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. झोपताना गुडघ्यांच्या मध्ये उशी. खुर्चीखाली विटा लावून घेतल्यात, त्यामुळे मी घरात न्यायाधीशासारखी उंच बसते. मोजे घालायला त्यांनी प्लास्टिकचं एक पन्हाळं दिलंय, त्यात मोजा चढवायचा, पाय सारायचा आणि दोऱ्या ओढायच्या. मला ते जमेना. मी अनवाणीच फिरते. लेसवाले बूट तर ऑपरेशनच्या वर्षभर आधीच सुटले होते, खाली वाकताच येत नव्हतं. स्वतःचा पाय समोर दिसतो आणि हात पोचत नाही, ही काय गंमत आहे ते तुला कळायचं नाही.

खालच्या दुकानदाराशी बोलून ठेवलंय. मी गॅलरीतून टोपली सोडते, तो दूध-ब्रेड ठेवतो, मी वर ओढते. दोरी आपल्या जुन्या नेटची आहे. पत्रंही टोपलीतूनच जातात, तो पेटीत टाकतो. थोड्याच दिवसांची सोय आहे ही.

जेवणाचं मस्त चाललंय. काळजी करत असशील तर करू नकोस. करत नसशील तरी हरकत नाही.

थोरली

१७ फेब्रुवारी

धाकटे,

तू फोनवर बोलतेस तिच्याशी?

झालं असं की प्रश्नावली आज घरी आली होती. दर आठवड्याला येते. हातात टेप आणि घड्याळ, मला खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावते आणि टिपून घेते. ती येणार म्हटलं की मी सोबतीच्या माणसाची व्यवस्था करून ठेवते. तुझी जुनी चप्पल दाराशी मांडते, ती तू इथे विसरली होतीस. टेबलावर चहाचे दोन कप, त्यातला एक थोडा प्यायलेला. विचारलंच तर सांगते, आत्ताच खाली गेली, येईलच. बिचारी कपाकडे बघते आणि बरं म्हणते. मला वाटायचं, काय भोळी पोर आहे.

आज चालून झाल्यावर ती सहज म्हणाली, 'बहीण सांगत होत्या, तुम्ही मोजे न घालता फिरता. फरशीवरून घसराल.'

मला आधी कळलंच नाही. मोज्यांचं मी जगात फक्त तुला लिहिलंय. मी विचारलं, अजून काय म्हणाली? तर म्हणे, जेवणाचं मस्त चाललंय असं त्या सांगतील, पण नुसतं दूध-ब्रेड खात असतील, विचारा. म्हणे, दुखलं तरी सांगणार नाहीत, चेहऱ्याकडे बघू नका, डाव्या हाताकडे बघा, दुखलं की त्या अंगठा मुठीत धरतात.

मी खाली पाहिलं तर अंगठा मुठीत.

धाकटे, मला भयंकर राग आला. मला चार ओळी लिहायला तुझे हात झिजतात आणि परक्या पोरीला माझ्या अंगठ्याचं सांगतेस? मी प्रश्नावलीला सांगितलं की माझी बहीण वाढवून बोलते, लहानपणापासूनची खोड आहे. ती गेल्यावर मी तो दुसरा चहा गरम करून प्यायले. रडले वगैरे नाही. थोडंसं.

आज बरं वाटतंय, ते कशानं ते नको विचारूस.

मोजे घातलेत. पन्हाळं जमलं.

थोरली

१० मार्च

धाकटे,

तुला माझा रोजचा अहवाल द्यावा लागतो, तेव्हा मी तुला नीट माहिती पुरवायला हवी. तर लिहून घे.

वॉकर सुटला. काठी आली, तीही मी उगीच धरते. सकाळी तीन मजले उतरून बागेत जाते, दोन फेऱ्या मारते. तिथून बाजारात. काल टोमॅटो आणले, परवा पालक. येताना जिन्यात कठड्यालाही धरत नाही. कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये डोकावले, मुलं खेळत होती, एकाचा बॅकहँड सुधारून दिला. सगळे विचारतात, तुमच्या बहीण कुठे असतात. मी म्हणते, असते आपली.

पुढच्या वर्षी सत्तरीच्या गटात जोडी लागेल. दुसरी एक बाई विचारून गेली. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुझ्यासाठी थांबलेय असं नाही, तिची सर्व्हिस वाईट आहे.

प्रश्नावलीला सांग, ताई ठणठणीत आहे.

थोरली

२९ मार्च

धाकटे,

हे पत्र मी दोनदा सुरू करून फाडलं. आता सरळ लिहिते.

आज ती आली ती एक्स-रे घेऊन. म्हणाली, सांधा इतका सुंदर बसलाय की सर्जन तो विद्यार्थ्यांना दाखवतात. मग मला खुर्चीतून हात न टेकता उठायला-बसायला लावलं. माझी दमछाक झाली. चालायला लावलं तर मागच्या महिन्यापेक्षाही हळू. ती खाली बसली, माझ्या पायाशी, फरशीवर. म्हणाली, 'बाई, खुब्यात काही दोष नाही. मग तुम्ही चालत का नाही?'

मी म्हटलं, चालते की, बाजारात जाते रोज.

ती म्हणाली, 'तुमच्या बहीण म्हणतात तुम्ही जात नाही. पत्रात कोणाशी भांडण झाल्याचं लिहिलेलं नाही. ताई बाजारात गेली असती तर कोणाशीतरी भांडली असती.'

तुझं हे असं असतं. सगळ्या डॉक्टरांना, त्यांच्या घड्याळाला आणि टेपला जे सापडलं नाही ते तुला टोमॅटोत सापडलं.

मग मी तिला सांगितलं, तुलाही सांगते. बागेचं खोटं, बाजाराचं खोटं, हॉलचंही खोटं. फेब्रुवारीच्या शेवटी मी एकदा खाली जायला निघाले होते. पहिल्याच वळणावर काठी घसरली. पडले नाही, कठडा धरला आणि पायरीवर बसले. लागलं काहीच नाही. पण उठायचं धाडसच होईना. वर जायलाही भीती आणि खाली जायलाही. दुपारची वेळ, जिन्यात चिटपाखरू नाही. कोणाला हाक मारावी असा विचार केला आणि लक्षात आलं की हाक मारायला नावच नाही. तुझं नाव तोंडात आलं होतं. मग तशीच बसून, एकेक पायरी मागे सरकत घरात आले. त्यानंतर मी उंबरा ओलांडलेला नाही. कोर्टभर नाचलेली बाई मी, आता दाराच्या कडीला हात लावते आणि काढून घेते. कोणी शेजारी नुसतं उभं राहिलं असतं ना, तर मी उतरले असते.

मग म्हटलं, एवढं सांगितलंय तर तेही सांगून टाकावं. त्यांचा अभ्यास आहे, त्यात माझ्या थापा नकोत. मी म्हटलं, डॉक्टर, माझी बहीण इथे राहत नाही. ते कप मीच मांडते.

ती म्हणाली, 'मला माहीत आहे. पहिल्याच फोनला त्यांनी सांगितलं की त्या दुसऱ्या गावी असतात. सोबतीचं माणूस म्हणून त्यांचं नाव आम्ही तेव्हाच काढलं. एकट्या राहणाऱ्या पेशंटला अभ्यासात ठेवायचं तर आम्हांला घरी जावं लागतं, म्हणून मी दर आठवड्याला येते.'

मी म्हटलं, मग तुम्ही तिला फोन कशाला करत राहिलात?

ती म्हणाली, 'आम्ही नाही करत. त्याच करतात. तुमचं पत्र आलं की.'

धाकटे, ती आपली बोलत होती, की फोन बराच वेळ चालतो, आधी तुमचं सगळं सांगतात, मग खूप विचारतात, सोबतीच्या माणसानं इतकं विचारलेलं मी पाहिलं नाही. मी म्हटलं, काय विचारते? तर म्हणे, गुडघा आधी दुखायला लागतो का? किती वर्षं अंगावर काढलं तर चालतं? जांघेत कळ आली की पाय जागच्या जागी अडकतो का, म्हणजे हलायचं असतं पण हलतच नाही, असं होतं का? घरात दुसरं कोणी नसेल तर हे ऑपरेशन करतात का?

तिनं ते किती सहज सांगितलं. ती तरुण आहे, तिला वाटलं तू माझ्यासाठी विचारतेस. पण माझा पाय कधी अडकला नव्हता. मी तुला तसं कधी लिहिलं नाही.

ती गेल्यावर मी तुझी ती चप्पल उचलून पाहिली. उजवीचा तळवा एका बाजूनं पार झिजलाय आणि डावीचा कोरा आहे. रोज तिला दाराशी मांडत होते आणि एकदाही उलटी करून पाहिली नाही.

तू रागानं बूट घालून गेली नव्हतीस. तुला ते सोडवता येत नव्हते. भर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, तुला वाकता येत नव्हतं, आणि मला सांगावं तर मी तिथं ओरडत उभी. म्हणून बॅग उचललीस आणि तशीच निघालीस. मग हे गाव सोडलंस, म्हणजे मी रोज समोर येऊन तुझं चालणं बघायला नको. इतकी वर्षं शेजारी खेळलीस, मला कळू दिलं नाहीस. आणि कोणासमोर दुखणं दाखवायचं नाही, हे तुला शिकवलं कोणी, तर ते उत्तर मला माहीत आहे. ते राहू दे.

धाकटे, ती शटल कोणाचीच नव्हती.

आता मी काय सांगते ते ऐक, ही पीटीच्या बाईंची ऑर्डर समज. तिकडच्या हाडांच्या डॉक्टरला दाखवायचं. ते विचारतील, घरात सोबतीचं माणूस कोण? माझं नाव दे. थोरली बहीण. राहायला येईल का विचारलं तर म्हण, येईल, न येऊन जाते कुठे. मला सगळं येतं आता. विटा लावता येतात, पन्हाळ्यात मोजा चढवता येतो, गुडघ्यांमध्ये उशी कशी द्यायची ते कळतं. तू खोटं बोललीस की मला कळेल. दुखलं की तू खालचा ओठ आत घेतेस, त्या दिवशीही घेतला होतास. मी तो रुसवा समजले.

मला तू हवी आहेस. जोडीबिडी राहू दे. नुसती हवी आहेस.

थोरली

४ एप्रिल

धाकटे,

हे पत्र मी टोपलीतून पाठवत नाही. खालच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून लिहितेय आणि पेटीत मी माझ्या हातानं टाकणार आहे.

जिना उतरले. प्रश्नावली म्हणाली होती, मी येते धरायला. मी नको म्हटलं, कारण तिकडे तुझ्याकडेही जिना असेल आणि तिथं ती नसेल. उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी, असं शिकवलंय. त्या वळणावर आले तेव्हा बराच वेळ थांबले. मग मोठ्यानं तुला हाक मारली. जिन्यात आवाज घुमला, पहिल्या मजल्यावरचं कोणीतरी दार उघडून बघायला लागलं. मी म्हटलं, काही नाही, बहिणीला बोलावतेय. आणि खाली आले.

दुकानदार उगाच उशिरा दूध ठेवतो म्हणून त्याच्याशी भांडलेही. हे तुझ्या माहितीसाठी.

तिकीट गुरुवारचं आहे. प्रवासाला हरकत नाही म्हणून सर्जननी लिहून दिलंय, मधेमधे उठून चालायचं एवढंच. माझे कोर्टचे बूट मी बॅगेत घेतलेत, तुझे तिथंच असतील. अजून लेस बांधलेली असेल तर तशीच राहू दे, मी आले की सोडते. मला आता वाकता येतं, काटकोनापर्यंत.

पोचायला संध्याकाळ होईल. बेल वाजली की धडपडत उठू नकोस. तुला दारापर्यंत यायला किती वेळ लागतो ते मला आता ठाऊक आहे. मी बाहेर उभी राहीन.

थोरली